घड्याळ मागे-पुढे करणं आता थांबवावं का? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, इथे अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात, ती उन्हाळ्याची वेळ, आणि नोव्हेंबरमध्ये परत मागे, ती हिवाळ्याची. परवाच्या रविवारी आमच्याकडे ते पुढे झालं आणि सोमवारी सकाळी सव्वासातला माझी सात वर्षांची लेक शाळेच्या बससाठी अंधारात उभी होती. आम्ही डेट्रॉइटच्या जवळ राहतो, ईस्टर्न टाइम झोनच्या (म्हणजे पूर्वेकडच्या वेळेच्या पट्ट्याच्या) पार पश्चिमेच्या टोकाला, त्यामुळे इथे मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर सूर्य उगवायलाच पावणेआठ-आठ होतात. आदल्याच आठवड्यात जरा उजाडायला लागलं होतं, पाखरं ऐकू यायला लागली होती, आणि परत काळोख. तिच्या बॅगला चमकणारी पट्टी शिवलीये मी, तरी कोपऱ्यावरून गाडी वळली की पोटात गोळा येतो.

माझं मत सरळ आहे, हे बदलणं थांबवा आणि वर्षभर हिवाळ्याची वेळ ठेवा. उन्हाळ्याचीच कायम करा म्हणणारे बरेच आहेत, २०२२ च्या मार्चमध्ये इथल्या संसदेच्या एका सभागृहाने, सिनेटने, तसं बिल पासही केलं होतं, पुढे दुसऱ्या सभागृहात, हाउसमध्ये, ते अडकलं. पण हा प्रयोग इथे एकदा झालाय. १९७४ च्या जानेवारीत वर्षभरासाठी घड्याळ पुढे केलं होतं. आमच्या शेजारच्या आजी तेव्हा शाळेत होत्या, त्या सांगतात की आईने हातात टॉर्च देऊन पाठवायचं, आणि वर्गात पोचलो तरी खिडकीबाहेर रात्रच असायची. लोक इतके वैतागले की त्याच ऑक्टोबरमध्ये ते मागे घ्यावं लागलं.

तुमच्या घरी काय होतं ते लिहा. बाजूने, विरोधात, कसंही.

न्यू जर्सी
२०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती आणि इथलं घड्याळ मागे गेलं तेही त्याच पहाटे. ताई नाशिकला, दरवर्षी व्हिडिओ कॉलवर ओवाळते. भारतातले रात्रीचे आठ म्हणजे इथले सकाळचे साडेदहा हे माझ्या डोक्यात सात-आठ महिने फिट बसलेलं, मी फोन चार्जिंगला लावून निवांत दूध आणायला गेलो. तोवर इथे फक्त साडेनऊ वाजले होते, पण फरक साडेनऊचा साडेदहा तास झाल्यामुळे तिच्याकडे आठ वाजून गेले होते, ती पाटावर ताट मांडून बसली होती. परत येऊन बघतो तर अकरा मिस्ड कॉल. मी फोन लावला तेव्हा तिने निरांजनात दोनदा तूप घातलं होतं, भाची झोपून गेली होती, आणि ताई काही बोललीच नाही, नुसतं "कपाळ जरा वर कर" म्हणाली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला.

ह्यूस्टन
मी नर्स आहे, नाइट ड्यूटी संध्याकाळी सात ते सकाळी सात. नोव्हेंबरमध्ये ज्या रात्री घड्याळ मागे जातं ती रात्र तेरा तासांची असते, आणि एक ते दोन हा तास दोनदा येतो. लोकांना वाटतं एक तास जास्त झोप मिळाली, आमच्याकडे तो तास जिवावर येतो. समजा पेशंटला १:४० ला वेदनेचं इंजेक्शन दिलं, चार तासांनी पुढचं द्यायचंय, आणि थोड्या वेळाने भिंतीवर परत १:४०. कॉम्प्युटरवरच्या नोंदी गोंधळतात म्हणून त्या तासापुरतं आम्ही कागदावर लिहितो, पहिला १:४० की दुसरा ते बाजूला लिहून. मागे एकदा एका आजोबांच्या तापाच्या दोन नोंदी उलट्या क्रमाने चढल्या, ताप उतरत होता तो चढतोय असं दिसलं, डॉक्टरांना उठवलं. नशिबाने काही बिघडलं नाही. पण मी त्या रात्री प्रत्येक सलाइनपाशी दोनदा जाते. कुठलीही वेळ ठेवा, पण एकच ठेवा.

हिंजवडी, पुणे
परदेशात नाही तरी लिहितो, कारण आमचं घड्याळ हलत नाही पण जेवण हलतं. न्यूयॉर्कच्या टीमची सकाळी साडेनऊची मीटिंग उन्हाळ्यात आमच्याकडे सात वाजता असते, नोव्हेंबरपासून आठ. म्हणजे हिवाळ्यात घरी पोचेपर्यंत मुलगा झोपलेला. मार्चमध्ये तर कहरच, अमेरिकेचं घड्याळ दुसऱ्या रविवारी बदलतं आणि लंडनचं शेवटच्या, मधले दोन-तीन आठवडे तिघांपैकी कोणीतरी एक तासभर आधी नाहीतर उशिरा येतोच. त्या दिवसांत बायको विचारते आज किती वाजता, आणि मला खरंच सांगता येत नाही.

शिकागो
आमची मराठी शाळा रविवारी सकाळी भरते. घड्याळ पुढे जातं त्या रविवारी निम्मी मुलं प्रार्थना संपल्यावर येतात, आणि आलेली पेंगतात. गेली सहा वर्षं हेच बघतेय, आता त्या दिवशी नवीन धडा घेतच नाही, गोष्ट सांगते.

फीनिक्स
ॲरिझोनात घड्याळ बदलत नाही (नवाहो या मूळ रहिवासी लोकांचा भाग सोडून) आणि मी सांगतो, काहीही अडत नाही. जूनमध्ये ४३-४४ डिग्री असतं, सूर्य पावणेआठला मावळतो तेव्हा कुठे पोरांना अंगणात सोडता येतं, अजून एक तास ऊन कोणाला हवंय इथे? फक्त एक, भाऊ कॅलिफोर्नियात असतो, साधारण आठ महिने आमची आणि त्याची वेळ एक, चार महिने आम्ही तासभर पुढे. तेवढं लक्षात ठेवावं लागतं, बास.

ग्लासगो
मी विरोधात. डिसेंबरमध्ये आमच्याकडे पावणेनऊला उजाडतं, वर्षभर उन्हाळ्याची वेळ ठेवली तर पावणेदहा होतील, ते नकोच. १९६८ ते १९७१ ब्रिटनने ते करून पाहिलं आणि सोडलं. आणि वर्षभर हिवाळ्याची ठेवली तर जूनमध्ये पहाटे साडेतीनलाच सूर्य डोक्यावर, आणि संध्याकाळचा एक तास जाणार. तो तास म्हणजे आमचं वर्षभराचं सुख आहे हो. आठ महिने ढग, पाऊस, गोठवणारा वारा, मग जूनमध्ये रात्री दहाला सुद्धा उजेड असतो, ऑफिसनंतर आम्ही सगळे मराठी लोक पार्कात क्रिकेट खेळतो, बायका डबे घेऊन येतात, माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा रात्री साडेनऊला उन्हात बसून पोहे खाल्ले त्यांनी आणि साताठ जणांना फोन करून सांगितलं. ताई, तुमच्या मुलीची काळजी पटते, पण मला वर्षातून दोन दिवसांचा त्रास चालेल.

(ग्लासगोचे दादा, पटलं. तुमच्याकडे ऋतूंमध्ये इतका फरक आहे की एकच उत्तर सगळ्यांना बसणार नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी सोमवारचा बसस्टॉप माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.)

श्टुटगार्ट
२०१८ साली युरोपियन युनियनने लोकांना विचारलं होतं, ४६ लाख उत्तरं आली, त्यात सगळ्यात जास्त जर्मनीतून, आणि ८४ टक्के लोक म्हणाले बंद करा. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी तो फॉर्म भरला होता. २०१९ च्या मार्चमध्ये युरोपच्या संसदेने २०२१ पासून बंद करायला होही म्हटलं. पण कुठली वेळ ठेवायची यावर देशांचं जमेना आणि ते तिथेच राहिलं. तेव्हा माझा मुलगा पोटात होता, आता शाळेत जातो, आणि अजून दर मार्चमध्ये आठवडाभर रात्री साडेनऊपर्यंत झोपत नाही, सकाळी उठवताना रडतो. इतक्या लोकांनी सांगून काही होत नाही याचा मला फार राग आहे.

गोल्ड कोस्ट
इथे ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये, १९९२ ला यावर मतदान झालं आणि लोकांनी नको म्हटलं, शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये मात्र बदलतात. आम्ही हद्दीवर राहतो. मी क्वीन्सलँडमध्ये कामाला, मुलीचा डान्स क्लास रस्ता ओलांडून पलीकडे. ऑक्टोबर ते एप्रिल फ्रिजवर दोन घड्याळं लावलीत, इकडची आणि तिकडची.

सॅन होजे
आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलीये, बाबा तिकडेच. ती तिचं मनगटी घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवते, पण फोन मात्र आमच्या भिंतीवरचं घड्याळ बघून करते, रोज संध्याकाळी साडेसहाला, कारण तेव्हा तिकडे सकाळचे आठ असतात आणि बाबा अजिंक्यताऱ्यावरून चालून आलेले असतात. घड्याळ पुढे गेलं त्या रविवारी तिने साडेसहाला फोन केला, कोणी उचलेना. परत केला. मग काकूला केला, शेजारच्यांना केला, ते दार वाजवून आले, घराला कुलूप. आई सोफ्यावर बसून हाताची बोटं चोळत होती, मी ऑफिसच्या कॉलवर होतो, मला कळायला वीस मिनिटं गेली. तिकडे सातच वाजले होते, बाबा नुकते गड चढत होते, फोन घरी. ते खाली आल्यावर बोलले तिच्याशी, ती पहिल्यांदा काही बोलूच शकली नाही. आता भिंतीवरच्या घड्याळाखाली मी कागद चिकटवलाय, "बाबांना साडेसातला".