बत्तीर कोणी वाचवलं: नांगराने की युनेस्कोने?

पाटकरी (धागाकर्ता)

बत्तीर हे जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला, बेथलेहेमपासून सहा-सात किलोमीटरवरचं, वेस्ट बँकेतलं पॅलेस्टिनी खेडं. वस्ती चार-पाच हजारांची. २०१४ साली ते जागतिक वारसा यादीत गेलं आणि तेव्हापासून 'युनेस्कोने वाचवलेलं गाव' म्हणूनच त्याचं नाव घेतलं जातं. मला हे साफ अमान्य आहे. बत्तीर वाचलं ते तिथल्या लोकांनी जमीन कसायची सोडली नाही म्हणून.

डोंगरउतारावर दगडी बांधांची शेती आहे. बांध रचलेत ते चुना-सिमेंटशिवाय, दगडावर दगड बसवून. वर झऱ्याचं पाणी रोमन काळातल्या तळ्यात साठतं आणि पाटांनी खालच्या वाफ्यांत उतरतं. पाणी गावातल्या आठ मुख्य घराण्यांत वाटलेलं आहे, प्रत्येकाला एक दिवस. म्हणून बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा असतो. तळ्यात खुणांची काठी बुडवून पाणी मोजायचं आणि पाटाचं तोंड उघडून ज्याच्या त्याच्या वाफ्याकडे वळवायचं. आपल्या धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठी फडांवरची, म्हणजे सामुदायिक सिंचनाच्या शेतांवरची, पाणीपाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यामागची शिस्त वेगळी सांगायला नको. बत्तीरची वांगी त्या मुलखात नावाजलेली आहेत. झऱ्याचं पाणी पोचत नाही तिथे पावसावर ऑलिव्ह आणि द्राक्षवेली.

आता १९४८. इस्रायलच्या स्थापनेच्या वेळचं युद्ध. एप्रिलमध्ये जेरुसलेमजवळच्या देर यासिन या पॅलेस्टिनी गावात ज्यू सशस्त्र गटांनी हत्याकांड केलं आणि भीतीने बत्तीर जवळपास रिकामं झालं. गावातले हसन मुस्तफा आणि मोजके लोक मागे राहिले. त्यांनी रिकाम्या घरांत दिवे लावले, दोऱ्यांवर कपडे वाळत घातले, दुरून पाहणाऱ्याला गाव नांदतं वाटावं म्हणून. इस्रायल आणि जॉर्डन यांच्यातल्या १९४९ च्या ऱ्होड्स करारात शस्त्रसंधीची रेषा रेल्वेजवळून गेली. याफा-जेरुसलेम गाडी इथून १८९२ पासून धावत होती, गावाला स्टेशनही होतं. रूळ इस्रायलकडे गेले, पण गाडीला धक्का लावायचा नाही या बोलीवर रुळापलीकडची आपली जमीन कसायची मुभा बत्तीरकरांना मिळाली. युनेस्कोची यादी तेव्हा अस्तित्वातही नव्हती.

कातळ

अजिबात सहमत नाही. नुसत्या कसण्याने गाव वाचत असतं तर शेजारचं वलजा का नाही वाचलं? तेच डोंगर, तसेच बांध, तसेच झरे, तसेच कष्टाळू शेतकरी. १९४८ मध्ये मूळ गाव उठलं आणि बरीचशी जमीन रेषेपलीकडे गेली. लोकांनी अलीकडे पुन्हा घरं बांधली, तर आता इस्रायलने वेस्ट बँकेत उभारलेल्या विभाजक भिंतीने त्या वस्तीला वेढलं आहे. ऐन हानिया झऱ्याचा परिसर इस्रायलच्या राष्ट्रीय उद्यानात गेला. वलजाच्या माणसाने नांगर कमी धरला होता का?

भिंत बत्तीरमधूनही जायची होती. ती अडली कोर्टात. २०१२ मध्ये पर्यावरण संघटना आणि गावकरी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, २०१४ मध्ये वारसा दर्जा आला आणि २०१५ च्या सुरुवातीला भिंतीचा तो टप्पा बारगळला. दर्जा मिळाला त्याच दिवशी बत्तीर 'धोक्यातील वारसा' यादीतही गेलं. जगाचं लक्ष होतं म्हणून हे झालं.

पाटकरी

कातळ, वलजाचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यातून तुम्ही काढता तो निष्कर्ष निघत नाही. त्या खटल्यात खुद्द इस्रायलच्या निसर्ग व उद्यान प्राधिकरणाने भिंतीविरुद्ध मत दिलं. का? भिंत झाली तर शतकानुशतकं चालत आलेली ही सिंचनव्यवस्था कायमची मोडेल म्हणून. चालू होती म्हणूनच ती वाचवण्याजोगी ठरली ना? पाट बुजलेले असते तर कोर्टापुढे ठेवायला काय होतं?

दुसरं, १८५८ च्या उस्मानी (ऑटोमन तुर्की) जमीन कायद्यात सलग तीन वर्षं पडीक राहिलेली मिरी जमीन, म्हणजे मालकी सरकारची पण कसण्याचा हक्क शेतकऱ्याचा अशी जमीन, सरकारकडे जाण्याची तरतूद आहे. त्याच कायद्याच्या आधारे वेस्ट बँकेत १९८० च्या आसपासपासून जमिनी 'सरकारी' ठरवल्या गेल्या. तिथे नांगराचं तास हाच हक्काचा पुरावा.

जुनी नाणी

तुम्ही दोघेही इतिहास अर्ध्यावरून सुरू करताय. गावालगतच्या टेकडीवर बेतार या प्राचीन ज्यू गढीचे अवशेष आहेत. बार कोखबा या ज्यू नेत्याचं रोमविरुद्धचं बंड इ.स. १३५ मध्ये इथेच संपलं, रोमन सम्राट हेड्रियनच्या फौजेने इथेच शेवटचा वेढा घातला. ज्यू स्मृतीत ही जागा फार मोठी आहे. तिचं नाव न घेता बत्तीर फक्त पॅलेस्टिनी शेतकऱ्यांचं म्हणणं एकांगी आहे.

पाटकरी

बेतारचं नाव जरूर घ्यावं. झऱ्यापाशी रोमन सैन्याच्या पाचव्या आणि अकराव्या लीजनचा (मोठ्या सैन्यदलांचा) शिलालेखही सापडला आहे, म्हणजे वेढा घालणाऱ्यांनीही हेच पाणी वापरलं असणार. पण १३५ सालच्या वेढ्यावरून आज तिथे वांगी लावणाऱ्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. टेकडी उत्खननाने समजून घ्या, सर्वांना दाखवा. तिच्या नावाने शेजारची जमीन मागू नका. माझा विरोध फक्त तिथे आहे.

कातळ

मग २०२४ चं काय? इस्रायल सरकारने याच वारसा परिसरात नाहल हेलेत्झ ही नवी वसाहत मंजूर केली, ऑगस्टमध्ये तिची हद्दही आखली, सुमारे ६०० दुनम, म्हणजे ६० हेक्टर. तुमच्या नांगराने ती अडवली नाही.

पाटकरी

तुमच्या यादीनेही नाही. म्हणून तर म्हणतो, यादीवर विसंबू नका.

कातळ

विसंबायचं कोण म्हणतंय? पण बांध ढासळतात. ते पुन्हा रचायला जाणते हात लागतात, मजुरी लागते. घरातले तरुण मजुरीला इस्रायलमध्ये जात होते, कारण वांग्यांवर घर चालत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचं युद्ध सुरू झालं, त्यानंतर त्या कामाचे परवानेही गेले. शेतीवर भागत नसेल तर पुढच्या पिढीने नांगर धरायचा तो कशाच्या जोरावर? वारसा दर्जामुळे बांधांच्या दुरुस्तीला बाहेरून पैसा येऊ शकतो, फिरायला येणारे लोक गावात जेवू शकतात. तो पैसा नको असेल तर बांध कोण रचणार, ते आधी सांगा.