सल्ला हवा: कॉलेजात नाही, विद्यापीठात नाही, तरी संशोधन करतोय. पत्र कोण देईल?

पांझराकाठ:
नमस्कार मंडळी. मी साक्रीकडचा. एका पतसंस्थेत वसुलीला आहे. इतिहासात एम.ए. करून बारा वर्षं झाली. गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी आमच्याकडच्या फड पद्धतीची माहिती गोळा करतोय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नदीवर बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी पीक फिरवायचं. पाणी शेतकरी स्वतः घेत नाही, पाटकरी देतो. माझ्याकडे एका बंधाऱ्याच्या पंचांच्या तीन वह्या आणि मोडी कागदांचा एक रुमाल (म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा) आहे.

मागच्या महिन्यात जुने महसुली कागद बघायला एका सरकारी दप्तरखान्यात गेलो. साहेबांनी विचारलं, "कोणत्या कॉलेजतर्फे?" म्हटलं, "स्वतःच." त्यांनी माझा अर्ज पालथा घातला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. एक रजा गेली.

तर एखाद्या संस्थेचं पत्र कुठून आणू? इंग्रजी लेख उघडायला गेलं की पैसे मागतात, त्याला काही वाट? आणि फिरतीपुरतं अनुदान मिळतं का कुठे?

रुमालसोड:
अहो, तुम्ही धुळ्याच्या इतके जवळ राहता! इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच गेले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आहे. राजवाड्यांनी तरी कुठे प्राध्यापकी केली? गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून कागद उतरवून साधनांचे बावीस खंड काढले. आधी मंडळात जा, सभासद व्हा, दोन-चार वेळा जाऊन बसा, वह्या दाखवा. मग चिटणीसांकडे पत्र मागा. मजकूर तुम्हीच लिहून न्या: "सदर गृहस्थ आमचे सभासद असून अमुक विषयावर अभ्यास करीत आहेत, त्यांस अमुक सालापासून अमुक सालापर्यंतचे कागद पाहू द्यावेत." साल नक्की घाला. "जुने कागद" एवढंच लिहिलंत की कारकुनाला नाही म्हणायला सोपं जातं.

पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळही (स्थापना 1910) अशाच लोकांनी उभं केलं. मोडी कच्ची असेल तर पुराभिलेख संचालनालयाचं छोटं प्रशिक्षण असतं, परीक्षाही असते. प्रमाणपत्र जवळ असलं की टेबलापलीकडचा आवाज जरा बदलतो.

ग्रंथपालताई:
लेखांचं मी सांगते. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी पैशाने संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी योजना जानेवारी 2025 पासून सुरू झाली, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं आहेत त्यात. पण ती सोय सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांपुरती. म्हणजे तुमच्या करातून पैसे भरले आणि दार तुम्हालाच बंद! माझा यावर जुना राग आहे, असो.

तोवर हे करा. जेस्टोर या संशोधन लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट खातं काढा, महिन्याला शंभर लेख पडद्यावर वाचता येतात. डाउनलोड करता येत नाहीत, म्हणून टिपणं वाचता वाचताच काढा. दुसरी वाट लोकांना माहीत नसते: विकिपीडिया लायब्ररी. सहा महिने जुनं खातं, एकूण पाचशे संपादनं, त्यातली दहा गेल्या महिन्यातली, की कितीतरी महागडे संग्रह उघडतात. मराठी विकिपीडियावरची संपादनंही चालतात. तुमच्या तालुक्यातल्या नद्या, बंधारे, गावं यांवर लिहीत गेलात तरी आकडा भरेल. आणि लेखकालाच साधी ईमेल करा. बहुतेक जण आनंदाने पीडीएफ पाठवतात.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड (1880) आर्काइव्ह डॉट ऑर्गवर आहे. राष्ट्रीय अभिलेखागारातलं त्यांच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर शोधा. पुण्याला आलात तर गोखले संस्थेच्या ग्रंथालयाला एक दिवस ठेवाच. शेती-पाण्यावरचं जुनं साहित्य तिथे आहे.

निवृत्त_कारकून:
दप्तरखान्यात तीस वर्षं काढली, म्हणून दोन शब्द. त्या रुमालाला सेलोटेप लावू नका आणि कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका. कागद मेला म्हणून समजा. फोटो खिडकीशी, फ्लॅश न टाकता. पहिला फोटो रुमालाच्या चिठ्ठीचा, मग कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने, शेजारी मोजपट्टी ठेवून. क्रम मोडलात की अर्धा पुरावा गेला. दप्तरखान्यात जाताना शिसपेन्सिल न्या, पेन खिशातच राहू द्या.

आणि अर्जाची पोच घ्या हो! पोच दिलेल्या अर्जावर कुणी कप ठेवत नाही.

तळटीप:
सरळ पीएचडीला नाव का घालत नाही? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते, मालकाचं ना-हरकत पत्र लागतं.

रुमालसोड:
करता येते, पण कशासाठी? गाईडच्या आवडीचा विषय, कोर्सवर्क, सहामाही अहवाल, या सगळ्यात फड वाहून जाईल. पदवी हवी असेल तर करा. कागद बघायला मिळावेत म्हणून करू नका.

ग्रंथपालताई:
इथे मी तळटीपच्या बाजूने, अर्धी. चांगला गाईड मिळाला तर कुणीतरी तुमचं लिखाण लाल शाईने तपासतं. बाहेर राहणाऱ्याला तेच मिळत नाही. पत्र मिळेल, लेख मिळतील, पण "हे तुमचं चुकलंय" म्हणणारा माणूस कुठून आणणार?

सांडवा:
पैशांचं: केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची फेलोशिप आहे, त्यांचीच सीसीआरटी ही सांस्कृतिक प्रशिक्षण संस्था ती बघते. कनिष्ठला महिना 10,000, वरिष्ठला 20,000, दोन वर्षं. विद्यापीठात असायची अट नाही, पण विषय त्यांच्या यादीत बसवावा लागतो. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स भारतीय भाषांतले प्रस्तावही घेते. नुसत्या सिंचनाला तिथे वाव नाही, पाटावरची गाणी-ओव्या असतील तर विचार करा. बाकी एसटीचं तिकीट आपल्याच खिशातून, हे धरून चाला.

छापण्याबद्दल माझी फजिती ऐका. 'आंतरराष्ट्रीय' नाव असलेल्या एका नियतकालिकाला 2,500 रुपये भरले. चार दिवसांत लेख छापून आला. परीक्षकाचा एक शब्द नाही, आणि माझ्या गावाचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने. आधी मंडळाच्या बैठकीत वाचा. पाच म्हातारे असतील, पण चूक तिथल्या तिथे काढतील. ताईंचा माणूस तिथेच सापडेल.

पांझराकाठ:
सगळ्यांचे आभार. शनिवारी धुळ्याला जातोय, पत्राचा मजकूर रुमालसोडनी सांगितला तसा लिहिलाय. रविवारी आमच्याकडचे एक जुने पाटकरी भेटणार आहेत, वय पंच्याऐंशीच्या पुढे. ते बंधाऱ्यावरच बोलू म्हणतात. मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं तर चालेल ना?

निवृत्त_कारकून:
बंधाऱ्यावर फोटो काढा, रेकॉर्डिंग घरी. पाण्याच्या आणि वाऱ्याच्या आवाजात काही ऐकू येणार नाही. पंखा बंद करा, फोन त्यांच्या जवळ हातरुमालावर ठेवा. आणि तुमच्या तीनही वह्या सोबत न्या. नावं वाचून दाखवा, मग बघा कसे बोलतात.