'कॅरिंग कपॅसिटी'ला काय म्हणायचं? (पलाऊच्या निमित्ताने)

पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटदेशावर मराठीत लेख लिहितेय. लोकवस्ती जेमतेम १८ हजार, आणि २०१५ साली पर्यटक आले दीड लाखाच्या वर. चार्टर विमानं इतकी वाढली की सरकारलाच त्यांना कात्री लावावी लागली. आता 'कॅरिंग कपॅसिटी'ला (एखाद्या जागेला नुकसान न होता किती माणसं पेलवतात ते) मी 'वहनक्षमता' लिहिलंय पण वाचताना ट्रकबद्दल बोलतेय असं वाटतं. आणि 'शाश्वत पर्यटन' तरी बरोबर आहे का? सुचवा प्लीज.

•

'धारणक्षमता' चालेल, सरकारी अहवालांत दिसतो. 'शाश्वत' मला खटकतो, पण रुळलाय, आता कोण बदलणार. 'टिकाऊ पर्यटन' म्हटलं की चपलेची जाहिरात वाटते.

•

ताई, नाम शोधत बसण्यापेक्षा क्रियापद घ्या की. बेटाला किती पर्यटक *झेपतात*, एवढं लिहिलं की कोणालाही कळतं, आणि झेपण्यात कोणाला झेपतं हेही सांगावं लागतं, जे 'क्षमता' म्हटलं की गुलदस्त्यात राहतं. २०१६ ला तिथे दुष्काळ पडला, पाण्यासाठी आणीबाणी जाहीर झाली, कोरोर या तिथल्या मोठ्या शहरात पाणी ठराविक वेळेलाच, म्हणजे त्या वर्षी झेपणारा आकडा वेगळा आणि चांगल्या पावसाच्या वर्षी वेगळा, मग क्षमता म्हणून एकच आकडा छापून टाकणं मला तरी पटत नाही.

पण झेपणं फक्त संख्येचं झालं. दुसरा शब्द *मानवणं*. हवा मानवत नाही म्हणतो ना तसं. तिथल्या जेलीफिश लेकमध्ये लोक पोहायला उतरतात, अंगाला चोपडलेलं सनस्क्रीन पाण्यात जातं, तळ्यात त्यातली रसायनं सापडली. तिथे माणसं मोजून पुरत नाही, येणारा अंगावर काय घेऊन येतो हे बघावं लागतं. १ जानेवारी २०२० पासून ऑक्सिबेन्झोनसकट १० घटक असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे ती त्यामुळेच.

•

वरच्याला अनुमोदन, पण एक गैरसमज टाळा. २०१६ मध्ये त्या तळ्यातले सोनेरी जेलीफिश जवळजवळ दिसेनासे झाले ते पर्यटकांमुळे नाही, दुष्काळामुळे. पाऊस नाही म्हणून तळ्याचं पाणी जास्त खारट आणि गरम झालं. १९९८-९९ च्या सुमारालाही असंच झालं होतं आणि नंतर परत वाढले. तरी तळं पर्यटकांना काही काळ बंद ठेवलं, कारण उरलेत त्यांना निवांतपणा हवा. म्हणून लेखात 'मोजणी' आणि 'दोषारोप' वेगळे ठेवा. शास्त्रज्ञ तिथे जेलीफिश मोजतात, डोकी नाही, आणि मला तेच जास्त उपयोगाचं वाटतं, पर्यटकांची संख्या काय विमानतळावर आयतीच मिळते.

•

बंद ठेवण्यावरून आठवलं. पलाऊत 'बुल' म्हणून जुनी पद्धत आहे, गावप्रमुख ठराविक प्रवाळखडकांवर काही काळ मासेमारी थांबवतात. याला 'बंदी' लिहू नका हो. बंदीत शिक्षा ऐकू येते. आपल्याकडे गवत *राखतात*, तसं 'समुद्र राखणं' जास्त जवळचं. देवराई पण नाही म्हणणार मी, देवराई कायमची असते आणि बुल उठतो. २०२० पासून त्यांनी आपल्या सागरी हद्दीतला ८०% भाग मासेमारीला बंद केला, त्याला मात्र 'अभयारण्य' म्हणायला हरकत नाही (अरण्य नसलं तरी).

•

खूपच छान, धन्यवाद सगळ्यांना. 'झेपणं' आणि 'राखणं' घेतेय. शेवटचं एक: २०१८ पासून विमानाच्या तिकिटातच १०० डॉलर पर्यावरण म्हणून कापतात. कर लिहू की शुल्क?

•

शुल्क. कशासाठी घेतात ते त्याच्या नावातच आहे, कर म्हटलं की खजिन्यात गेलं असं वाटतं. आणि २०१७ च्या डिसेंबरपासून पासपोर्टवर बेट जपण्याचा जो मजकूर शिक्का मारून त्याखाली सही घेतात, त्याला सगळीकडे 'प्रतिज्ञा' लिहितात, तेही बदला जमलं तर. तो मजकूर पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे, मी तुमचा पाहुणा असं म्हणून. प्रतिज्ञा माणूस आपली आपण करतो. समोर कोणी असलं की ते *वचन*.

•

शपथ?

•

नको. शपथ कोर्टात घेतात नाहीतर मंत्री घेतात, आणि दोन्हीकडे काय होतं ते माहितीये. वचनच राहू द्या.