लोहाच्या गोळ्या दोन महिने चालू, हिमोग्लोबिन हलेना. मदत हवी आहे

राजारामपुरी_९: बायकोचं हिमोग्लोबिन ९.१ होतं, काल ९.३ आलं. गोळी एकदाही चुकलेली नाही. पालक, बीट सगळं चालू आहे. आणखी काय द्यायचं? लवकर सांगा.

भोगावतीकर: गोळी किती वाजता, कशाबरोबर? दुसरी औषधं? फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी), एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) किती?

गूळवाला_शाहूपुरी: गोळ्या बंद करा. बिनरसायनी काळा गूळ आणि शेंगदाणे द्या, रोज मूठभर.

भोगावतीकर: गोळ्या बंद करा असं कुणाला सांगू नका, दादा. २०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटच्या गोळीत साधारण ६० ते ६५ मिलिग्रॅम लोह असतं. तेवढं गुळातून मिळवायचं तर किती गूळ खाणार?

गूळवाला_शाहूपुरी: आपल्या आज्ज्या गुळावरच धडधाकट राहिल्या की.

राजारामपुरी_९: नाश्ता, चहा झाला की लगेच घेते. कॅल्शियमची पण तेव्हाच, विसरायला नको म्हणून. थायरॉईडची सहाला. रिपोर्टात एमसीव्ही ७१ आहे, फेरिटिन केलेलं नाही.

भोगावतीकर: मग घोळ इथंच आहे. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, कॅल्शियमही शोषण अडवतं. लोह अकराला लिंबूपाण्याबरोबर. त्याआधी दोन तास, नंतर एक तास चहा-दूध-जेवण नको. कॅल्शियम रात्री जेवताना. थायरॉईडच्या गोळीपासून दोन्ही चार तास लांब. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, लोहानं होतं.

रंकाळा_काठ: मीठ कुठलं वापरता? सैंधव असेल तर बंद करा, त्यात आयोडीन नगण्य.

भोगावतीकर: प्रश्न लोहाचा आहे ओ.

रंकाळा_काठ: थायरॉईड म्हणाले म्हणून सांगितलं.

लॅब_उद्यमनगर: फेरिटिन कराच. १५ च्या खाली आलं तर लोहच कमी. ते नॉर्मल आणि एमसीव्ही एवढा खाली असेल तर थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) बघायला लागतो, त्यासाठी एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ची तपासणी. मग नुसतं लोह देऊन आकडा वाढत नाही.

तांबडा_पांढरा: मटण खात असाल तर काळीज द्या. नुसता रस्सा पिऊन लोह मिळत नाही. दिवस गेले असतील तर मात्र काळीज नको, अ जीवनसत्त्व फार होतं.

भोगावतीकर: आणि पाळी किती दिवस चालते? गळती चालू असेल तर वरून कितीही ओता.

राजारामपुरी_९: आठ-नऊ दिवस. डॉक्टरांना हे सांगितलंच नव्हतं. दिवस गेलेले नाहीत. फेरिटिन उद्याच करतो.

भोगावतीकर: मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे या आठवड्यातच जा. गोळी सुरू ठेवा. हिमोग्लोबिन बारावर गेल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने लागतात.

लॅब_उद्यमनगर: ताप, खोकला असेल तर फेरिटिन उद्या नको. आजारपणात ते उगाच वाढलेलं येतं.