गाडीवरचे बारीक ओरखडे: तुम्ही काय केलंत?

नव्या गाडीवर पहिला ओरखडा दिसला की पोटात कालवतं, आणि हाताला लागेल त्याने आपण घासत सुटतो. माझ्याकडूनही तेच झालं. दाराच्या हँडलमागे नखांचे चरे पडले होते. जोर लावून कंपाऊंड, म्हणजे रंग घासायची खरखरीत पेस्ट, घासलं. चरे गेले, पण तिथे धुरकट डाग उरला. कंपाऊंडनंतर बारीक पॉलिशचा हात द्यावा लागतो हे नंतर कळलं. तो दिल्यावर चमक परत आली.

रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट बहुतेक गाड्यांवर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे वहीच्या कागदाच्या जेमतेम निम्मा. पॉलिशने ओरखडा भरत नाही. आजूबाजूचा थर झिजून ओरखड्याच्या तळाशी येतो. हे समजल्यापासून माझा हात आपोआप हलका पडतो. तुमचे अनुभव लिहा, फसलेले तर नक्की लिहा.

•

माझ्या बंपरवर हातभर पांढरा पट्टा उमटला होता. आता रंगकामच, असं धरून चाललो होतो. गाडी धुऊन ओल्या मायक्रोफायबरवर थोडं पॉलिश घेऊन घासलं, तर पट्टा फडक्यावर येऊ लागला. तो समोरच्या खांबाचा रंग होता! खाली दोनच बारीक रेघा निघाल्या. तेव्हापासून आधी धुणं, मगच निदान.

•

मी दोन गोष्टी बघते. ओरखड्यावर पाणी टाकलं आणि तो दिसेनासा झाला, तर बहुधा वरच्या थरातच आहे. मग आडवं नख फिरवायचं. नख अडकलं तर पॉलिशच्या नादी लागत नाही. एकदा डिकीवर किल्लीचा चरा पडला, आत करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, दिसत होता. तिथे टचअप पेनने रंग भरला. जवळून कळतो, पण पत्रा उघडा राहून गंजला नाही, हे माझ्यासाठी महत्त्वाचं.

•

टूथपेस्ट लावून पाहिली. फार बारीक चरे फिके झाले, भोवती मात्र धूसरपणा आला. तो काढायला शेवटी पॉलिशच आणावं लागलं.

•

मोटरसायकलच्या टाकीचं सांगतो, अजून जीव हळहळतो. गोल फिरणारं रोटरी मशीन मागून आणलं होतं. सपाट भाग आरशासारखा झाला आणि उत्साहात मी कडेवर गेलो. कडेला थर आधीच पातळ असतो, त्यात पॅडचा सगळा दाब तेवढ्याच रेघेवर येतो. काही क्षणांत पॅडवर काळा रंग दिसला. क्लिअर कोट कापला गेला होता. पूर्ण टाकी पुन्हा रंगवावी लागली. आता कडांवर आणि काळ्या प्लास्टिकवर आधी मास्किंग टेप लावतो. पत्रा उन्हाने तापला असेल तर हात लावत नाही, पॉलिश लगेच वाळून चिकटतं. मशीन ड्युअल ॲक्शनचं वापरतो, त्यात पॅड फिरतं आणि डोलतंही. ते एका जागी तितकी उष्णता साठू देत नाही, चूक करायला वेळ लागतो. ज्या चऱ्यांना २००० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा बारीक पॉलिशपेपर, लागेल ते मी स्वतः करत नाही.

•

फडक्यावर रंग येतो म्हणजे थर कापलाच गेला, असं दर वेळी नाही. वडिलांच्या जुन्या लाल गाडीला क्लिअर कोटच नव्हता. पहिल्या हातालाच फडकं लाल झालं आणि मी घाबरले. तिच्यात रंग आणि चमक एकाच थरात होती. आड जागी थोडंसं घासून आधी बघा.

•

मॅट फिनिशवर पॉलिश चालवू नका. भावाने बॉनेटवर बोटभर जागा घासली, तेवढीच चकचकीत झाली. ती पुन्हा मॅट करता आली नाही.

•

ऊन पडलं की माझ्या काळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे चमकायचे. एका पॉलिशने ते गायब झाले, आणि तीन वेळा धुतल्यावर जसेच्या तसे परत आले. त्यात चरे तात्पुरते झाकणारं भरण होतं, घासणं कमी. आता पॉलिश झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसते. भरण निघून खरं काय उरलंय ते तेव्हा दिसतं. चरे मुळात मीच पाडले होते, रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकून. ते बंद केलं. आता आधी पाण्याचा फवारा, मग साबणाची एक बादली आणि हातमोजा खळबळायला दुसरी. या वर्षी पॉलिश करायची वेळच आली नाही. दोन जरा खोल रेघा आहेत, त्या तशाच ठेवल्यात.