सेमीकंडक्टर अभ्यासक्रम: आधी क्लीनरूम की आधी टेपआउट?

ऋणभार (धागाकर्ता)

विद्यापीठाला सेमीकंडक्टर शिक्षणासाठी घसघशीत अनुदान मिळालं की पहिली घोषणा ठरलेली: स्वतःची क्लीनरूम, म्हणजे चिप बनवायची धूळमुक्त खोली. फीत कापायला आणि फोटो काढायला तिच्यासारखी जागा नाही. माझं म्हणणं, कार्यक्रम चालवणाऱ्याने निदान सुरुवातीची काही वर्षं हा मोह टाळावा. पैसा दोन ठिकाणी घालावा: पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याची एक तरी रचना फॅबकडे, म्हणजे चिपच्या कारखान्याकडे, पाठवून (यालाच टेपआउट म्हणतात) खऱ्या सिलिकॉनवर उतरवून देणं, आणि शिकवणारी माणसं टिकवणं.

यात नवीन काही नाही. १९७८ साली संगणकशास्त्रज्ञ लिन कॉन्वे यांनी एमआयटीत चिप डिझाइनचा कोर्स शिकवला. मुलांच्या रचना एकत्र करून एचपीच्या फॅबमध्ये पाठवल्या आणि नवं वर्ष उजाडल्यावर थोड्याच दिवसांत चिप मुलांच्या हातात आल्या. पुढच्या वर्षी १२ विद्यापीठांतल्या १२४ जणांच्या ८२ रचना अशाच काढल्या. १९८१ पासून मोसिस या सेवेने हेच काम कायमस्वरूपी सुरू केलं. सिलिकॉनच्या एका चकतीवर, म्हणजे वेफरवर, अनेकांच्या रचना बसवल्या की मास्कचा (रचना छापायच्या साच्याचा) खर्च वाटला जातो, एवढं साधं गणित. त्यासाठी विद्यापीठाला स्वतःची फॅब लागत नाही.

शिवाय २०२० पासून अमेरिकेतल्या स्कायवॉटर या फॅबचं १३० नॅनोमीटरचं पीडीके, म्हणजे त्या प्रक्रियेत काय बनतं आणि कुठल्या नियमांनी बनतं याचा सगळा तपशील, खुला आहे. जर्मनीतल्या आयएचपी या संशोधन संस्थेनेही आपलं खुलं केलं. गोपनीयतेच्या करारावर सह्या गोळा करत बसायचे महिने वाचले.

ऑक्साइड

साफ असहमत. तुम्ही 'सेमीकंडक्टर शिक्षण' म्हणता आणि बोलता फक्त डिझाइनबद्दल.

अमेरिकेतल्या सेमीकंडक्टर इंडस्ट्री असोसिएशनने २०२३ च्या अहवालात २०३० पर्यंत तिथे ६७,००० जागा भरता येणार नाहीत असा अंदाज दिला. त्यातल्या ३९ टक्के तंत्रज्ञांच्या आहेत, चार वर्षांची पदवीही न लागणाऱ्या. फॅबला रसायनवाले, यंत्रवाले, मटेरियलवाले लागतात. एचिंगचा, म्हणजे थर कोरून काढायचा, वेग वेफरच्या कडेला वेगळा आणि मध्ये वेगळा का येतोय, चेंबरमधला दाब रात्रीतून का चढला, असले प्रश्न सोडवणारे. लेआउट (चिपचा आराखडा) काढून हे येत नाही.

फोटोरेझिस्ट, म्हणजे प्रकाशाने बदलणारं द्रव्य, स्वतः पसरवून बघा. वेफर गरगर फिरते, थेंब क्षणात सपाट होतो, आणि धुळीचा एक कण मध्ये आला तर त्याच्यामागे धूमकेतूसारखी रेघ उमटते. पिवळ्या उजेडात ती रेघ दिसली की यील्ड (बनवलेल्यांपैकी चालणाऱ्या चिप किती) म्हणजे काय ते कळतं. हायड्रोफ्लोरिक आम्लाचंही तेच. सौम्य द्रावण कातडीवर पडलं तर लगेच दुखतसुद्धा नाही, आत उतरून कॅल्शियम खात बसतं. म्हणून बेंचजवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल ठेवतात. ही शिस्त स्लाइड दाखवून लागत नाही.

ऋणभार

शिस्त हवीच, पण त्यासाठी मालकी कशाला? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची क्लीनरूम १९७७ पासून बाहेरच्या संशोधकांसाठी खुली आहे. अमेरिकेत २०१५ साली अशा १६ ठिकाणांचं जाळं उभं राहिलं. वापर शुल्क भरा, प्रशिक्षण घ्या, काम करा. आपली मुलं दोन-तीन आठवडे तिथे पाठवा.

क्लीनरूम बांधायचा खर्च एकदाच होतो, चालवायचा रोज. हवा चोवीस तास गाळायची, अतिशुद्ध पाणी, वायूंची गळती शोधणारी यंत्रणा, व्हॅक्यूम पंपांची दुरुस्ती. यंत्र अनुदानातून येतं; त्याचा देखभाल करार कुठल्या खात्यातून भरायचा हे प्रस्तावात कुणीच लिहीत नाही. कंपनीने दान केलेलं जुनं यंत्र तर त्याहून वाईट, सुटे भागच मिळत नाहीत. आणि ते यंत्र ज्याला ऐकून कळतं तो तंत्रज्ञ कंत्राटी. अनुदान संपलं की तो जातो, मागे राहतं झाकून ठेवलेलं एचिंगचं यंत्र.

प्रश्नार्थक

दोघांनाही एक विचारतो, हे शिकवणार कोण? ज्याला टेपआउटचा खरा अनुभव आहे त्याला उद्योग विद्यापीठाच्या कितीतरी पट पगार देतो. बाहेरचा माणूस आठवड्यातून एक संध्याकाळ येऊन शिकवेल, पण नियमावलीत त्याला पीएचडी नाही म्हणून परीक्षकही नेमता येत नाही. आधी ते नियम बदलून घ्या, खोल्या नंतर.

नीरव

टेपआउटचे गोडवे गाणाऱ्यांनी वेळापत्रकाबद्दल बोलावं.

सत्र चार महिन्यांचं. शेवटच्या आठवड्यात काय चालतं? डीआरसी (लेआउट फॅबचे नियम पाळतो का याची तपासणी) चालवली की शेकड्यांनी चुका, त्यातल्या बहुतेक एकाच सेलच्या, कारण मेटलचं अंतर एका ठिकाणी कमी पडलंय आणि तो सेल सगळीकडे वापरलाय. तो सुधारला की एलव्हीएस (लेआउटची मूळ सर्किटशी तुलना) जुळत नाही, कारण घाईत एक व्हाया, म्हणजे दोन थर जोडणारा दुवा, उडाला. शटलची, म्हणजे फॅबकडे जाणाऱ्या सामायिक खेपेची, तारीख कुणासाठी थांबत नाही. कशीबशी फाइल जाते. चिप येईपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात, तोवर विद्यार्थी पास होऊन गेलेला. चिपचं पाकीट प्राध्यापकांच्या कपाटात, अहवालात मात्र 'इतके टेपआउट यशस्वी'. चिप चालते का, हे कुणी तपासलेलंच नसतं. व्हेरिफिकेशन आणि टेस्ट, जिथे खरं शिक्षण आहे, तेच गळतं.

दुसरं, बाहेरच्यावर विसंबायची जोखीम. २०२५ च्या मार्चमध्ये शटल चालवणारी इफेबलेस कंपनी बंद पडली आणि तिच्यामार्फत चिप काढणाऱ्या टायनी टेपआउट या उपक्रमाच्या मधल्या खेपा अडकल्या. विद्यार्थ्यांचे प्रकल्प हवेत. एकाच शटलवर आख्खा अभ्यासक्रम उभा करणं हे व्यवस्थापन नव्हे.

गेटवाला

मग कंपन्यांनाच भागीदार करा ना. दक्षिण कोरियात सुंगक्युंकवान विद्यापीठात २००६ पासून सॅमसंगच्या करारावर चालणारा सेमीकंडक्टर विभाग आहे. शिष्यवृत्तीही आणि नोकरीची हमीही. तैवानने २०२१ मध्ये कायदाच केला, सरकार आणि कंपन्या दोघांच्या पैशांवर राष्ट्रीय विद्यापीठांत वेगळी महाविद्यालयं उभी राहिली. यंत्र, शिक्षक, शटल, सगळ्याची सोय एका फटक्यात.

प्रश्नार्थक

आणि अभ्यासक्रम कुणाचा? २०२३ मध्ये मेमरीचे भाव कोसळले, सॅमसंगच्या चिप विभागाला वर्षभर तोटा झाला. हा धंदा असाच, तेजीत जागा भरायला धावतो आणि मंदीत दारं लावतो. आज दाखल झालेला मुलगा चार वर्षांनी नेमका कुठल्या टप्प्यावर बाहेर पडेल, सांगा. एका कंपनीच्या प्रक्रियेत घडवलेल्याची तेव्हा पंचाईत. मला वाटतं कंपनीने पैसा द्यावा, अभ्यास मंडळात बसावं, पण मंडळात तिला एकच मत असावं.

ऋणभार

नीरव, वेळापत्रकाचा मुद्दा मान्य, पण त्यावर उतारा आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी चौथ्या वर्षाच्या मागच्या तुकडीची चिप तपासायची, श्रेयांक त्याला द्यायचे. दुसऱ्याची रचना, अर्धवट लिहिलेली कागदपत्रं, कुठल्या पिनेवर क्लॉकचा सिग्नल दिलाय याचा पत्ता नाही. नोकरीत पहिल्या दिवशी असंच काम पदरात पडतं. कागदपत्रं नीट लिहायची अक्कलही यातूनच येते, कारण पुढच्या वर्षी शिव्या खाणारे आपणच. शटल दोन वेगळ्या फॅबची ठेवायची, एकीत अडलं तर दुसरी.

ऑक्साइड

हे चालेल. पण मग तपासायला प्रोब स्टेशन (चिपवर सुया टेकवून मोजायचं यंत्र), मोजमापाची उपकरणं, ती सांभाळणारा माणूस, म्हणजे शेवटी प्रयोगशाळा बांधताच आहात. फक्त तिला क्लीनरूम म्हणत नाही.

ऋणभार

पॅकेज केलेली, म्हणजे वेष्टनात बसवलेली, चिप तपासायला बोर्ड, ऑसिलोस्कोप आणि पॉवर सप्लाय पुरतो, अतिशुद्ध पाणी लागत नाही. माणूस मात्र लागतो, कायम पदावरचा. अनुदानाच्या प्रस्तावात मी पहिली ओळ त्या पदाची टाकेन.

ऑक्साइड

टाका. नुसत्या उपकरणांचं अनुदान असेल तर ती ओळ पहिल्याच छाननीत उडते.