चावी फिरवली अन् पंपच बोलेना! डिझेल गाडीवाल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

मोर्शीकर
काल वरुड रस्त्यावर संत्र्यानं भरलेली गाडी उभी दिसली. ड्रायव्हर बिचारा सेल्फवर सेल्फ मारून राहिला होता, इंजिन फिरे पण धरत नव्हतं. माह्या जुन्या पिकपची ती रात्र आठवली. मृग बहाराचा माल, कळमन्याचा लिलाव गाठायचा, अन् तळेगावच्या अलीकडे गाडी दम सोडत सोडत बंद. चावी ऑन केली की टाकीतल्या, इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा घूंऽ आवाज यायचा, तो गायब. फ्यूज चांगला, रिले (पंपाला करंट देणारा स्विच) टक् करे. मिस्त्री फोनवर म्हणे पंप गेला, नवा टाका.

धाब्याजवळच्या वायरमननं पंपाचा प्लग काढून मीटर लावला, बारा व्होल्टच्या वर. मग प्लग परत बसवला अन् चावी ऑन ठेवून मागून सुया टोचल्या, तर फक्त सात! एक सुई बॅटरीच्या मायनसला अन् दुसरी पंपाच्या काळ्या वायरला लावली, तिथं पाच. म्हणजे करंट येत होता, पण परत जायचा रस्ताच बंद. चेसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट पार गंजला होता. पॉलिश पेपरनं घासला, आवळला, अन् पंप बोलला. पंपाचे पैसे मोजायच्या आधी अर्थिंग पाहा, हे मी भेटेल त्याला सांगतो. तुमचंही लिहा.

जिनिंगवाला
आमच्या हिंगणघाटकडं वेगळंच. सीझनमध्ये कापसाचा रुव्वा सगळीकडं उडते. गाडी चाले, थोडी पळाली की बंद. टाकीचं झाकण उघडलं तर सुस्स करून हवा आत ओढली अन् गाडी चालू! झाकणाचं हवेचं छिद्र रुव्व्यानं बुजलं होतं. डिझेल बाहेर जाते पण आत हवा येत नाही, मग पंप काय ओढणार? आधी झाकण ढिलं करून पाहा बाप्पा, फुकटचं काम आहे.

वणीचा_डंपर
आमच्या मोठ्या गाड्या 24 व्होल्टच्या. 12 चा बल्ब लावून चेक करू नका, जाते फटकन.

सावजीप्रेमी
तळेगावचा कोणता धाबा? पाटोडीवाला का?

वायरिंग_अकोट
मोर्शीकर भाऊ, एकदम बरोबर. माझं कामच हे आहे म्हणून थोडं लांब लिहितो. एलईडी टेस्टरवर भरोसा ठेवू नका. वायरीचा एकच केस शिल्लक असला तरी तो लख्ख लागते. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब घ्या, दोन वायरी जोडा अन् पंपाच्या प्लगमध्ये लावा. पूर्ण उजेड पडला तर वायरिंग ठीक, मिणमिणला तर कुठंतरी खाल्लेलं आहे. रिलेवर नंबर असतात. 30 ला बॅटरीचा करंट, 87 मधून पंपाला, 85 अन् 86 कॉइलचे. टक् आवाज आला म्हणजे रिले चांगला असं नाही, आतले पॉइंट जळालेले असतात. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून लावून पाहा. अन् हात जोडून सांगतो, 15 अँपिअरचा फ्यूज उडाला म्हणून 30 चा किंवा तांब्याची तार टाकू नका. फ्यूज वाचते, वायरिंग पेटते.

भंडाऱ्याची_ताई
आमच्या मेटाडोरची वायर उंदरानं खाल्ली होती. धानाचे पोते भरून गाडी रात्रभर उभी ठेवली की हमखास. यांची गाडी रात्री जंगलात बंद पडली अन् फोन लागेना, घरी आमचा जीव टांगणीला. आता टॉर्च, फ्यूज, टेप अन् पाण्याची कॅन मी स्वतः गाडीत ठेवते.

जिनिंगवाला
ताई, बरं करता. उंदरांसाठी काय करता पण?

भंडाऱ्याची_ताई
पोते उतरवून घेतो भाऊ, दुसरं काही चालत नाही.

परतवाडा_घाटवाला
चिखलदऱ्याच्या चढावर गाडी दम टाकायची, सपाटीला ठीक. पंप बोलत होता. टाकीतला पंप काढला तर खालची जाळी काळ्या चिकट गाळानं भरलेली. पावसाळ्यात टाकीत पाणी साचलं की असा गाळ तयार होतो. टाकी धुतली, फिल्टर बदलला, झालं. वॉटर सेपरेटरचं, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं धरणाऱ्या भांड्याचं, पाणी नेमानं सोडत जा. अन् उन्हाळ्यात टाकी तळाला नेऊ नका, टाकीतला पंप डिझेलनंच थंड राहते.

चांदूरचा_पोट्टा
आमची गाडी गरम झाली की बंद, थंडी झाली की चालू. टाकीला खालून ठोकलं की पंप फिरते. काहून?

वायरिंग_अकोट
मोटरचे ब्रश झिजले. ठोकून घरापर्यंत ये, पण पंप बदलावा लागते. तुझा खरंच गेला बाबू.

सावजीप्रेमी
मोर्शीकर, कालच्या गाडीचं काय झालं?

मोर्शीकर
आदल्या दिवशी फिल्टर बदलला होता, डिझेलच्या लाइनीत हवा धरली होती. फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला, मग लागली. ड्रायव्हर इंजेक्टरचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळ्यांचे) नट ढिले करायला निघाला होता, त्याला थांबवलं. जुन्या गाड्यांत चाले ते. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत सगळ्या इंजेक्टरला एकाच नळीतून डिझेल जाते, तिच्यात हजार बारच्या वर प्रेशर असते, डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण ताबडतोब दवाखान्यात न्यावं लागते.

वणीचा_डंपर
हे सगळ्या क्लिनर पोरांना दाखवा रे. हात लावून गळती शोधतात, पुठ्ठा धरून पाहायला सांगा.

परतवाडा_घाटवाला
मोर्शीकर, संत्र्याले काय भाव चालू आहे सध्या?

मोर्शीकर
मालावर आहे भाऊ, फोन करतो. वरुडहून नागपूरला जाणारी रिकामी गाडी असली तर सांगजा, माह्या चुलतभावाचा माल पडून आहे.